तेहतीस कांड्या आणि एक सुपारी

सोपीनोनाबद्दल चार चांगले शब्द सांगा, असं आमच्या ग्रंथालयाच्या बाई मला म्हणाल्या. सोपीला जाऊन तीन महिने झाले, तिचा फोटो भिंतीवर लावायचा आहे, खाली मजकूर हवा. मी म्हटलं, चांगले शब्द हवे असतील तर दुसरीकडे जा, वेल्लगोडमध्ये कुठल्याही दारात मिळतील. माझ्याकडे आहे ते खरं. बाई हसल्या. म्हातारी गंमत करते असं त्यांना वाटलं. मी ऐंशीची आहे, सोपीपेक्षा आठ महिन्यांनी मोठी, आणि त्यातली निदान सत्तर वर्षं मी त्या बाईचा हेवा करण्यात घालवली आहेत. तिला माझ्याइतकं निरखून कुणी पाहिलेलं नाही. तिच्या नवऱ्यानंसुद्धा नाही.

ती आमच्या घरी आली तेव्हा सहा वर्षांची होती. आई बाळंतपणात गेली, बाप होडीसकट समुद्रात. माझ्या आईची ती लांबच्या नात्यातली, म्हणून आईनं उचलून आणली. आईला ती लोकुअम्मा म्हणायची, म्हणजे मोठी आई. मला तिनं अक्का म्हणायचं, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. आठ महिने का होईना, मोठी ती मोठी. सोपीनं ते शेवटपर्यंत पाळलं.

माझी आई लेस शिकवायची. आमच्या सिंहली किनाऱ्यावर तेव्हा घरोघरी बायका लेस करायच्या, पण आईच्या हाताखाली शिकली म्हटलं की मुलीला स्थळ चांगलं यायचं. आमच्या ओसरीवर सात-आठ मुली ओळीनं बसायच्या. प्रत्येकीसमोर गवत भरलेली कडक उशी, उशीवर भोकं पाडलेला नमुन्याचा कागद, टाचण्या, आणि सुताला लोंबणाऱ्या बोटाएवढ्या लाकडी कांड्या. कांड्या एकमेकींवरून उलटसुलट टाकायच्या, पीळ द्यायचा, टाचणी खोवायची. कांड्या नेहमी जोडीनं असतात, कारण एका सुताच्या दोन टोकांना दोन. त्यामुळे कुठल्याही उशीवर मोजा, आकडा समच येणार.

माझा हात वेगात चालायचा. बाकीच्यांच्या दोन बोटं होईपर्यंत माझी वीतभर झालेली. पण आई काय म्हणायची? सगळ्यांसमोर म्हणायची, "कार्लिनाचा हात पळतो. सोपीचा हात बघतो." झालं. त्या एका वाक्यानं माझ्या जेवणातली चव गेली. सोपी खाली मान घालून बसायची, आणि मला वाटायचं ही मनात हसते आहे. हसत असेल किंवा नसेलही. त्या वयात मला हसतानाच दिसायची.

आम्ही तेरा वर्षांच्या असताना गावच्या बड्या अंमलदाराच्या, मुदलियारांच्या, मुलीचं लग्न ठरलं. पदराच्या झालरीचं काम आईकडे आलं. मी धरून चालले होते की ते मला मिळणार. घरची मुलगी मी, वेगवान मी. आईनं नमुन्याचा कागद सोपीच्या उशीवर नेऊन टोचला. चौतीस कांड्यांचं काम, हंसांची रांग. दुपारी सगळ्या मुली घरी गेल्या, आई पडली, सोपी विहिरीवर गेली. मी कात्रीनं सूत कापून तिच्या उशीवरची एक कांडी काढली आणि चुलीत घातली. वर भाताचं मडकं उकळत होतं. मला भीती वाटली नाही, वाईटही वाटलं नाही. खूप छान वाटलं, खरं तेच सांगते.

मला वाटलं होतं, काम अडेल. जास्तीची कांडी घरात नव्हती, सुतार कांड्या जोडीनं करून द्यायचा आणि पंधरवड्यातून एकदा यायचा. झालर पाच दिवसांत द्यायची होती. मग आई झक मारत काम माझ्याकडे देईल. सोपीनं उशीकडे पाहिलं, कांडी शोधली, आणि आईला जाऊन सांगितलं की विहिरीवर सूत धुवायला नेलं तेव्हा एक आत पडली. आई चिडली, पण करते काय. मग या बाईनं काय केलं, तर आईच्या पानाच्या डब्यातली एक अख्खी सुपारी घेतली, सुताला बांधली, आणि बसली कामाला. तेहतीस कांड्या आणि एक सुपारी. झालर चौथ्या दिवशी तयार. मुदलियारांच्या बायकोनं तिच्या हाताचा मुका घेतला.

हे सगळं पाहणारा एक माणूस होता. अबेनायक मास्तर शाळेत शिकवायचे आणि आमच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायचे. ते चारही दिवस ओसरीच्या पायरीवर वही घेऊन बसले होते. त्यांना चहा मी नेऊन द्यायची. गुळाचा खडासुद्धा मोठा बघून ठेवायची. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही, ते सुपारीकडे बघत होते.

तीन वर्षांनी त्यांचं पुस्तक आलं. तोवर त्यांची बदली झाली होती. आमच्याकडे तेव्हा पुस्तक एकट्यानं वाचायची पद्धत नव्हती. ज्याला वाचता येतं त्यानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी पान चघळत ऐकायचं. आमच्याच ओसरीवर अख्खं पुस्तक नऊ संध्याकाळी वाचलं गेलं. त्यात एक पोरकी मुलगी होती, लेस करणारी. तिचा भाऊ बंदरावर कामाला जातो. निघताना ती त्याला आपल्या उशीवरची एक कांडी आठवण म्हणून देते आणि तिच्या जागी सुपारी बांधते. पुढे आयुष्यभर ती सुपारी हलली की तिला भाऊ आठवतो. तो काही परत येत नाही. शेवटी ती म्हातारी होते, तरी उशीवर सुपारी तीच. त्या पानाशी बायका पदर तोंडात कोंबून रडल्या. मी एकटी कोरडी बसले होते. कांडी कुठल्या बंदरावर गेली ते मला ठाऊक होतं.

आणि मी? मीसुद्धा आहे हो पुस्तकात. दोनशे बारा पानांत दीड ओळ. घरमालकिणीची जाडसर मुलगी चहा ठेवून गेली आणि तिच्या पावलांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत राहिला. एवढंच. चार वर्षं माझ्या हातचा चहा पिऊन त्या माणसाला माझे फक्त पाय ऐकू आले.

पुढे तो उतारा शाळेच्या पुस्तकात गेला. साऱ्या सिंहली मुलुखातली मुलं सुपारीचं ते पान घडाघडा म्हणायला लागली. कोलंबोहून लोक गाडी करून यायचे आणि विचारायचे, ती पुस्तकातली मुलगी कुठे राहते. गाव बोट करून दाखवायचं. सोपीचं तोवर लग्न झालं होतं. नवरा काथ्याच्या कामावर, त्यामुळे तीही खाडीच्या खड्ड्यांत कुजवलेली नारळाची सोडणं काढून मोगरीनं बडवायची. वीस वर्षं तिनं लेसला हात लावला नाही. पाहुणे यायचे ते त्या घाण वासात नाक धरून उभे राहायचे. ती पदराला हात पुसून वर यायची, सगळ्यांना पान द्यायची. पाहुण्यांना ते आणखीच आवडायचं.

मी लेस कधी सोडली नाही. माझा नवरा सहकारी दुकानात कारकून होता, आम्हाला दोन मुलगे, घर आईचंच. गॉलच्या प्रदर्शनात मला दोनदा पदक मिळालं. पाहुणे माझ्या कुंपणावरून पुढे जायचे आणि मला विचारायचे, सोपीनोनाचं घर कुठलं. मी कधी कधी उलटी वाट दाखवायची.

असं सगळं चाललेलं असताना सिनेमावाले आले. आम्ही दोघी तेव्हा त्रेचाळीसच्या. तोवर आम्ही पाहिलेल्या सिनेमात बायका रंगवलेल्या बागेत गाणी म्हणायच्या. या डायरेक्टरचं म्हणणं वेगळं होतं. त्याला खरं गाव हवं होतं, खरी ओसरी हवी होती, आणि माणसं आपण घरात बोलतो तशी बोलायला हवी होती. मास्तर वारले होते. त्यांच्या बायकोनं परवानगी दिली होती. आमचे हेडमास्तर पुस्तक पाठ असलेले, ते रोज जाऊन डायरेक्टरशी भांडायचे. तुम्ही सुपारीचं पान गाळलंत, त्यातलं एकही वाक्य ठेवलं नाहीत, म्हणायचे. डायरेक्टर शांतपणे सांगायचा, मास्तरांकडे फक्त शाई होती म्हणून त्यांना अर्धं पान लागलं, माझ्याकडे सुपारी आहे, मी ती हलवीन. हेडमास्तरांना ते काही पटलं नाही. मला मात्र तो माणूस पहिल्याच दिवशी आवडला, कारण त्यानं आमची ओसरी निवडली.

नटी कोलंबोची होती. तिला कांडी धरता येईना. तरुणपण तिनं कसंबसं लांबून निभावलं, पण शेवटी म्हातारपणचे हात जवळून दाखवायचे होते. नुसते हात, दुसरं काही नाही, आणि त्यांनी खरंच लेस करायची. त्याच्यासाठी गावातली बाई हवी होती. सगळ्यांनी अर्थात सोपीचं नाव घेतलं. मी पहाटे उठून हाताला खोबरेल तेल चोळलं, नखं कापली, आणि न बोलावता डायरेक्टरच्या मुक्कामावर जाऊन बसले. त्या दिवशी मला जगात दुसरं काही नको होतं. त्या पडद्यावर माझे हात हवे होते.

डायरेक्टरनं आधी सोपीचे हात पाहिले. बोटं सुजलेली, नखं काळी, तळव्याला भेगा. तो अवघडला. सोपीच म्हणाली की हे काथ्यानं खाल्लेत, याला सूत अडकेल. मग त्यानं माझे पाहिले. मी चौतीस कांड्या फिरवून दाखवल्या. तो म्हणाला, हे. एकच शब्द. मी घरी येऊन कुठलाही सण नसताना गुळाचे गोड कॅवुम तळले आणि सगळ्या आळीला वाटले. का वाटतेय ते सांगितलं नाही. म्हटलं, थिएटरातच बघा सगळे.

इथवर ठीक. पण उशीवर सुपारी बांधली आणि माझी फजिती झाली. कांडीला गळा असतो, सूत तिथं अडकून राहतं. सुपारी गुळगुळीत. ती गरगर फिरते, सुताचा पीळ सुटतो, नाहीतर सुपारीच निसटून दिव्याखाली गडगडत जाते. सकाळभर मी घाम पुसत बसले. पदकं मिळवलेली बाई मी. शेवटी डायरेक्टर म्हणाला की त्या दुसऱ्या बाईंना बोलवा. सोपी आली, कमरेच्या चंचीतून चार सुपाऱ्या काढल्या, कोयत्याच्या टोकानं एकीच्या कमरेभोवती खाच पाडली, सूत ओलं करून बांधलं आणि मला म्हणाली, दर दोन टाक्यांनी तिला उलटी गिरकी द्यायची अक्का, म्हणजे पीळ राहतो. मला तिचा खूप राग आला. पण गिरकी दिली आणि पीळ राहिला.

चार दिवस हे चाललं. सूत रोज सुकायचं, म्हणून ती रोज सकाळी सुपारी बांधायला यायची. शूटिंग आतल्या खोलीत होतं, खिडक्यांना काळं कापड लावून. गाव कुंपणाबाहेर. गावाला काय दिसलं? सोपी चंची घेऊन आत जाते आणि दुपारी बाहेर येते. मी आत आहे हे कुणाच्या मनात येणार? घर माझंच होतं, मी आत जाताना कुणाला दिसणारच नव्हते. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

सिनेमा मातरच्या थिएटरात लागला. दोन बस करून गाव दुपारच्या खेळाला गेलं. मी नवी साडी नेसले. दीड तास मी कसा काढला ते मला ठाऊक. शेवटी ती वेळ आली. पडदाभर हात. माझे. अंगठ्याजवळचा तीळ माझा, करंगळीचा बाक माझा. कांड्या वाजल्या, सुपारी हलली, थांबली, पुन्हा हलली. कुणी एक शब्द बोललं नाही, ना पडद्यावर, ना खाली. डायरेक्टरचं खरं होतं. मग माझ्या शेजारी बसलेली मिसीनोना माझा दंड धरून हुंदका देत म्हणाली, बघ, सोपीचे हात.

मी म्हटलं, माझे आहेत. ती म्हणाली, गप्प बस ना, बघू दे.

शेवटी पाट्या आल्या त्यात वेल्लगोडच्या लेस करणाऱ्या भगिनींचे आभार होते. नाव कुणाचंच नाही. बाहेर आलो तर सगळे सोपीभोवती. कुणी तिचे हात डोळ्यांना लावतंय, कुणी पाया पडतंय. सोपीनं स्पष्ट सांगितलं, मी ऐकलंय, खोटं का बोलू. ती म्हणाली, "नाही हो, हात कार्लिना अक्काचे आहेत. मी फक्त सुपारी बांधून दिली." लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. किती मनाचा मोठेपणा, म्हणाले. हेडमास्तर तर डोळे पुसत म्हणाले की ही अगदी पुस्तकातलीच मुलगी. तिच्या बोटांच्या भेगा समोर दिसत होत्या. त्यालाही उत्तर तयार होतं, सिनेमात पावडर लावतात.

त्यानंतर महिनाभर मी गावात भांडत हिंडले. विहिरीवर सांगितलं, बसमध्ये सांगितलं, विहाराच्या धर्मशाळेत सांगितलं. तीळ दाखवला. कुणाला तो पडद्यावर दिसलाच नव्हता, रडत होते ना सगळे. माझ्या पाठीमागे बोलायला लागले की कार्लिना अक्काचं पोट दुखतंय. दुखत होतंच. लहानपणापासून दुखत होतं. पण या एका वेळी मी खरं बोलत होते, आणि नेमकं तेव्हाच माझ्यावर कुणी विश्वास ठेवेना. नवरा म्हणाला, सोड आता, तुला माहीत आहे ना, बस. मला माहीत असून काय उपयोग होता?

पौर्णिमेच्या सुटीच्या दिवशी, भर दुपारी, मी सोपीच्या अंगणात जाऊन उभी राहिले. ती फणसाखाली बसून काथ्याची दोरी वळत होती.

"तू नीट सांगत नाहीस," मी म्हटलं. "हसत हसत सांगतेस. म्हणून कुणाला खरं वाटत नाही."

"सांगितलं अक्का. येईल त्याला सांगते. मी सांगितलं की ते आणखीच पाया पडतात."

"मग शपथ घेऊन सांग. काहीतरी कर. ते हात माझे आहेत."

तिनं दोरी खाली ठेवली. मग म्हणाली, "एक गोष्ट सांगितली तर विश्वास ठेवतील. तुझ्या-माझ्यातलं सगळंच मग बाहेर येईल. सुपारी मुळात का बांधावी लागली, ते सांगू?"

मी म्हटलं, कांडी विहिरीत पडली म्हणून.

"चुलीतली राख कोण काढायचं आपल्या घरी?" सोपी म्हणाली. "अर्धी उरली होती. मी ती पुन्हा निखाऱ्यांत ढकलली."

तीस वर्षं. तीस वर्षं ही बाई मला अक्का म्हणत होती, माझ्या मुलांच्या बारशाला आली, माझ्या आईच्या तिरडीला फुलं बांधली, चार दिवस माझ्यासमोर बसून सुपाऱ्या बांधून दिल्या. मी ओट्यावर बसले. मी विचारलं, मग आईला का नाही सांगितलंस.

"सांगितलं असतं तर लोकुअम्मानं तुला बदडलं असतं."

आला, म्हटलं, मनाचा मोठेपणा आला. माझ्या अंगाची लाही झाली. आता ही मला माफसुद्धा करणार.

पण सोपीचं बोलणं संपलं नव्हतं. ती खाली बघत, दोरीचे धागे उलगडत बोलत होती.

"आणि बदडून झालं की तुला जवळ घेतलं असतं. दर वेळी घ्यायची ती. आधी मारायची, मग स्वतःच रडायची, मग तेल लावून तुझे केस विंचरत बसायची. अख्खी दुपार. मला तिनं कधी हात लावला नाही अक्का, एकदासुद्धा. परक्याच्या मुलीला कसं मारायचं? मी दाराआडून बघायचे. त्या दिवशी मला ते परत बघवलं नसतं, म्हणून विहिरीत पडली म्हटलं."

तिनं चहा केला, गुळाचा खडा दिला, आम्ही दोघींनी प्यायला. हातांचा विषय मी त्या दिवसापासून गावात काढला नाही. लोकांना वाटलं उशिरा का होईना शहाणपण आलं. तसं काही नव्हतं. घरी येताना मी रस्त्यात मध्येच थांबले, कारण मला एकदम कळलं की सगळं गाव जिच्या पाया पडत होतं, ती दाराआडून माझा हेवा करत होती. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. पडदाभर माझे हात पाहूनसुद्धा मला इतकं बरं वाटलं नव्हतं.